गूढकथांचा किपलिंग

रुड्यार्ड किपलिंगचे शंभरेक वर्षांपूर्वीचे एखादे पुस्तक कुठे हाती लागले, तर त्याचे मुखपृष्ठ जरूर पाहावे. बहुतेक वेळा त्यावर सोंडेत कमळ धरलेले हत्तीचे मस्तक आणि त्याच्या जोडीला स्वस्तिक छापलेले दिसते. गणपतीचे हे चिन्ह किपलिंगने अनेक वर्षे आपल्या पुस्तकांवर मिरवले. पुढे जर्मनीत नाझींनी स्वस्तिक बळकावले, तेव्हा त्यातले स्वस्तिक त्याने काढायला लावले. गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत या इंग्रज लेखकाला थोडी जागा द्यायला एवढे निमित्त पुरे आहे. दुसरे निमित्त आपल्या महूचे आहे, ते ओघाने येईलच.

‘जंगल बुक’मुळे किपलिंग सर्वांना ठाऊक आहे. त्याने भुताखेतांच्या कथाही लिहिल्या, आणि त्याही आपल्या देशातल्या, हे मात्र फारसे कुणी सांगत नाही. व्हिक्टोरिया राणीच्या काळात इंग्रजीत अशा कथांना मोठा बहर आला होता. त्यांतल्या बऱ्याच जुनाट वाड्यांत आणि धुक्यात घडत. किपलिंगने त्या डाक बंगल्यात, रेल्वेच्या डब्यात आणि वैशाखातल्या उकाड्यात आणल्या.

त्याचा जन्म 30 डिसेंबर 1865 रोजी मुंबईत, सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या आवारात झाला. वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवीत. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरची उठावशिल्पे त्यांचीच. छोटा रुड्यार्ड आया आणि नोकर यांच्या अंगाखांद्यावर वाढला. दुपारी झोपताना गोष्टी ऐकायच्या त्या इथल्या भाषेत, आणि आईवडिलांसमोर जाताना इंग्रजीत बोल, अशी त्याला आठवण करून द्यावी लागे. एकदा पारशी दोखम्यावरच्या गिधाडाने एका लहान मुलाचा हात त्यांच्या बागेत टाकला. आई हादरली आणि तिने मुलाला काही विचारू दिले नाही. त्याला तो हात पाहायचा होता. शेवटी आयेने खरे काय ते सांगितले. मोठी माणसे लपवतात तेच मनात घर करते, हा धडा त्याला असा लहानपणीच मिळाला.

सहा वर्षांचा होण्याआधीच, 1871 साली, त्याला आणि धाकट्या बहिणीला इंग्लंडमध्ये साउथसी येथे एका परक्या कुटुंबाकडे ठेवले गेले. आपण सोडून जात आहोत, हे आईवडिलांनी मुलांना सांगितलेही नाही. त्या घरात पाचसहा वर्षे मार, धाक आणि खोटारडेपणाचा ठपका त्याच्या वाट्याला आला. डोळे अधू झाले, नसलेल्या सावल्या दिसू लागल्या. 1882 च्या ऑक्टोबरात, सतरावे पुरे होण्याआधी, तो पुन्हा मुंबईला उतरला. ओळखीचे वास आणि दृश्ये समोर येताच त्याच्या तोंडून देशी भाषेतली वाक्ये आपोआप बाहेर पडू लागली, आणि त्यांचा अर्थ त्याचा त्यालाच कळेना! त्याच्या कुठल्याही कथेत शोभावा असा हा प्रसंग त्याच्या आयुष्यात खरोखर घडला.

लाहोरच्या ‘सिव्हिल अँड मिलिटरी गॅझेट’मध्ये तो उपसंपादक झाला. उन्हाळ्यात रात्री झोप येत नसे, म्हणून गल्लीबोळांतून पहाटेपर्यंत भटके. 1885 च्या नाताळात आईवडील, बहीण आणि तो अशा चौघांनी मिळून एक अंक काढला. त्यात ‘द फँटम रिक्षा’ ही कथा आली. सिमल्यातल्या एका साहेबाला, त्याने झिडकारलेली आणि खंगून मेलेली बाई माणसांनी ओढायच्या आपल्या रिक्षात बसलेली दिसू लागते. ती दिसते तेही भर दिवसा, गजबजलेल्या रस्त्यावर. रिक्षा ओढणारे चौघे भाऊ पटकीने गेलेले आहेत, रिक्षाही मोडीत निघालेली आहे, ही माहिती साधी चौकशी करताना कळते. डॉक्टरांच्या मते हा कामाच्या ताणाचा परिणाम. वाचकाला दोन्ही बाजू पटतात आणि तो मधेच लोंबकळत राहतो.

1888 साली हीच कथा आणखी तिघींसह एका छोट्या पुस्तकात निघाली. अलाहाबादच्या व्हीलर कंपनीच्या रेल्वे स्टॉलवर ते एक रुपयाला मिळे. त्यातल्या एका कथेत डाक बंगल्यात उतरलेल्या माणसाला रात्रभर शेजारच्या खोलीतून बिलियर्डच्या चेंडूंचा आवाज येतो. खोली तर एवढीशी, टेबल मावणारच नाही. सकाळी खानसामा सांगतो की रेल्वे बांधणारे साहेब पूर्वी इथे बिलियर्ड खेळत आणि त्यांतला एक खेळतानाच गेला. पुढे उंदीर आणि खिडकीची सैल पट्टी सापडते, आणि निवेदक भूत हातचे गेले म्हणून हळहळतो! दौऱ्यावर रेस्ट हाउसमध्ये रात्री काढलेल्या आम्हा नोकरदारांना ही कथा जास्तच पटते. अशा जागी आवाजापेक्षा दुसऱ्या दिवशीचे चौकीदाराचे बोलणे जास्त घाबरवते.

महूचे निमित्त याच पुस्तकातले. ‘द मॅन हू वुड बी किंग’ ही त्यातली प्रसिद्ध कथा सुरू होते ती अजमेरहून महूकडे जाणाऱ्या गाडीत, म्हणजे आपल्या छोट्या लाइनवर. याच मार्गाच्या खंडवा-इंदूर भागासाठी महाराज तुकोजीराव होळकर (द्वितीय) यांनी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये कर्ज दिले होते. कथेत भूत नाही. डब्यात भेटलेला एक उपटसुंभ एक निरोप पोचवायला सांगतो, एवढेच घडते. पण या साध्या आरंभातून वाचक शेवटी राजमुकुटासह वाळलेल्या एका मुंडक्यापाशी येऊन पोचतो.

किपलिंगची युक्ती इथे उघड दिसते. तो आधी गाडीचा दर्जा, थर्मामीटरचा आकडा आणि पंख्याची दोरी यांचा बातमीदारासारखा तपशील देतो. वाचकाचा विश्वास बसला की एकच गोष्ट हातची राखतो. 1890 च्या ‘अ‍ॅट द एंड ऑफ द पॅसेज’ या कथेत उकाड्याने आणि निद्रानाशाने पिचलेला इंजिनियर मरतो. डॉक्टर त्याच्या उघड्या डोळ्यांचे छायाचित्र घेतो आणि फिल्म लगेच नष्ट करतो. तिच्यात काय दिसले, ते आजवर कुणालाही कळलेले नाही.

1889 मध्ये त्याने नोकरी सोडून भारत सोडला. 1907 मध्ये त्याला साहित्याचे नोबेल मिळाले. इंग्रजीत लिहिणारा तो पहिला मानकरी. मात्र तो साम्राज्याचा कट्टर पुरस्कर्ता होता आणि जालियनवाला बागेनंतर डायरसाठी उभारलेल्या निधीला त्यानेही वर्गणी दिली. हे आपण विसरू नये, आणि त्यासाठी कथा फेकूनही देऊ नयेत, असे आम्हाला वाटते.

घरात मात्र दुःखाने पाठ सोडली नाही. 1899 साली सहा वर्षांची लाडकी जोसेफिन न्यूयॉर्कमध्ये न्यूमोनियाने गेली. पाच वर्षांनी त्याने ‘दे’ ही कथा लिहिली. एका अंध बाईच्या घराभोवती मुले बागडतात, पण नीट दिसत नाहीत. निवेदक खुर्चीत बसलेला असताना त्याच्या तळहातावर मागून एक हलकी पापी उमटते. ती त्याच्या मुलीची जुनी खूण असते. ती मुलगी हयात नाही, हे कुठेही स्पष्ट लिहिलेले नाही. घाबरवण्यासाठी वापरलेली न सांगण्याची कला इथे बापाचे रडू आवरायला कामी आली.

1915 मध्ये मुलगा जॉन अठराव्या वर्षी लूसच्या लढाईत पडला. दृष्टी अधू म्हणून नाकारलेल्या मुलाला बापानेच ओळख लावून फौजेत घेतले होते. त्याचा देह वडिलांच्या हयातीत सापडला नाही. त्या काळी युद्धात मुले गमावलेले हजारो आईबाप मृतात्म्यांशी बोलून देणाऱ्या माध्यमांकडे धावत होते. बहीण ट्रिक्सही या नादात होती. किपलिंग गेला नाही. 1919 मध्ये कविता लिहून त्याने या मार्गाविरुद्ध उघड इशाराच दिला. आयुष्यभर भुतांच्या कथा लिहिणाऱ्याने स्वतःच्या मुलाचे भूत बोलवायला नकार दिला. कथेतला बंद दरवाजा आणि खरा बंद दरवाजा यांतला फरक त्याला पक्का ठाऊक होता.

18 जानेवारी 1936 रोजी लंडनमध्ये तो वारला. भुताच्या गोष्टी फक्त मुलांना घाबरवायला असतात, असे ज्यांना वाटते, त्यांनी ‘दे’ एकदा सावकाश वाचावी, आणि वाचून झाल्यावर जरा वेळ कुणाशी बोलू नये.