थिर्झा कोण होती?

कॉम्प्युटरवाल्यांना 'एडा' ही लँग्वेज निदान ऐकून तरी माहीत असते. अमेरिकेच्या संरक्षण खात्याने ती करवून घेतली आणि तिच्या स्टँडर्डला नंबर दिला मिल-स्टँडर्ड-१८१५. हा १८१५ उगाच आलेला नाही, ते एडा लव्हलेसचं जन्मसाल. बॅबेजच्या यंत्रावर तिने १८४३ मध्ये टिपणं लिहिली, एवढं आपण व्हायव्हापुरतं पाठ करतो. मी तिच्याबद्दल वाचता वाचता तिच्या बापाकडे गेलो आणि तिथेच अडकलो. बाप म्हणजे लॉर्ड बायरन, कवी. एडा जेमतेम महिन्याची असताना आई तिला घेऊन माहेरी गेली, आणि बापलेकीची गाठ पुन्हा कधी पडली नाही.

बायरनच्या प्रेमप्रकरणांवर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. त्यांत बायका पुष्कळ. मी सांगणार आहे ते प्रकरण जॉन एडलस्टनचं.

१८०५ च्या ऑक्टोबरात सतरा वर्षांचा बायरन केंब्रिजच्या ट्रिनिटी कॉलेजात दाखल झाला. वयाच्या दहाव्या वर्षीच लॉर्ड झालेला, उजव्या पायाने अधू, आणि त्यामुळेच की काय, सगळं जोरात करणारा. खर्च करायचा तो कर्ज काढून. राग आला तर घर डोक्यावर. कॉलेजात कुत्रा ठेवायला बंदी होती, म्हणून या पठ्ठ्याने अस्वल आणून ठेवलं! नियमात अस्वलाचं नाव नव्हतं ना. (आमच्या होस्टेलवर मांजर सापडलं तरी नोटीस लागते.)

एडलस्टन याच्या अगदी उलट. कॉलेजच्या चॅपलमध्ये गाणारा गरीब घरचा मुलगा, बायरनहून दोनेक वर्षांनी लहान. सडपातळ, गोरा, लाजरा. बायरनचं लक्ष आधी त्याच्या आवाजाकडे गेलं, मग चेहऱ्याकडे, मग वागण्याकडे. केंब्रिजात असेपर्यंत दोघं रोज भेटत, आणि बायरनच्या म्हणण्याप्रमाणे त्या भेटींचा त्याला एकदाही कंटाळा आला नाही. ज्याला कुठलीच गोष्ट फार काळ धरवत नसे, त्याने हे म्हणावं, याला वजन आहे.

एडलस्टनने त्याला एक भेट दिली. तांबूस कार्नेलियनचा, आपल्या अकीकाच्या जातीतल्या दगडाचा, हृदयाच्या आकाराचा खडा. किंमत फार नव्हती. देताना त्याची मान खाली होती, लॉर्डसाहेब नाही म्हणतील अशी त्याला भीती वाटत होती. बायरनने त्यावर कविता केली.

१८०७ च्या जुलैत बायरनने साउथवेलच्या एलिझाबेथ पिगट या मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रात पुढचा सगळा बेत आहे. एडलस्टन लंडनच्या एका व्यापारी पेढीत नोकरीला लागणार. बायरन एकवीस वर्षांचा झाला की एडलस्टनने ठरवायचं: पेढीत भागीदारी घ्यायची, की बायरनजवळ कायमचं राहायला यायचं. त्या वेळी तरी त्याचा कल दुसरीकडे होता. मला या पत्राचंच जास्त कौतुक वाटतं. कविता काय, करता येते. पण एकोणीस वर्षांचा पोरगा दोघांच्या संसाराचा हिशोब मांडतो, हे वेगळं.

तो संसार काही झाला नाही. जुलै १८०९ मध्ये बायरन पोर्तुगाल, ग्रीस, तुर्कस्तानच्या प्रवासाला निघाला तो दोन वर्षांनी परतला. तोवर फेब्रुवारी १८११ मध्ये राजा तिसरा जॉर्ज याला वेड लागल्यामुळे युवराज कारभार बघू लागला होता. हाच तो प्रसिद्ध रीजन्सीचा काळ: नाच, मेजवान्या नि कडक गळपट्टे. याच समाजात दोन पुरुषांच्या संबंधाला फाशी होती. १८१० मध्ये लंडनच्या व्हेअर स्ट्रीटवर धाड पडली, पकडलेल्यांपैकी काहींना भर रस्त्यात खोड्यात उभं केलं आणि लोकांनी त्यांच्यावर चिखल, घाण फेकली. मार्च १८११ मध्ये दोघांना फाशी दिलं. त्याच कायद्याचा वारसा इंग्रजांनी १८६० मध्ये आपल्या दंडविधानात ३७७ कलम म्हणून आणून ठेवला. सज्ञान माणसांच्या संमतीच्या संबंधांवरून तो काढायला आपल्याला ६ सप्टेंबर २०१८ उजाडावा लागला.

ऑगस्ट १८११ मध्ये बायरनची आई गेली. त्याच आठवड्यात मॅथ्यूज हा जिवलग मित्र केंब्रिजच्या नदीत बुडाला. आणि ऑक्टोबरात एडलस्टनच्या बहिणीकडून कळलं की तो मे महिन्यातच क्षयाने वारला. म्हणजे पाच महिने हा माणूस जगात नव्हता आणि बायरनला पत्ताच नव्हता.

आता रडायचं कसं? मित्र गेला म्हणून चार दिवस रडता येतं, सगळे समजूत घालतात. त्याहून जास्त रडलं की लोक बघायला लागतात. बायरनने कविता लिहिल्या आणि वर बाईचं नाव घातलं, थिर्झा. १० मार्च १८१२ रोजी 'चाइल्ड हॅरल्ड' निघालं, त्यात याही कविता होत्या. पहिल्या पाचशे प्रती तीन दिवसांत संपल्या. लंडनच्या दिवाणखान्यांत बायका थिर्झासाठी हळहळल्या. कोण ही थिर्झा, तर्क चालू. बायरनने जाहीर खुलासा कधी केला नाही. एडलस्टनचं खरं नाव त्याने घातलं ते लॅटिनमधल्या एका मसुद्यात, आणि तो त्याच्या हयातीत छापला नाही.

बायरन साधुपुरुष होता असं माझं म्हणणं नाही. बायकोला त्याने छळलंच. पण दहा वर्षांनी, १८२१ मध्ये, इटलीत रोजनिशी लिहिताना त्याने या नात्याला प्रेमच म्हटलं. उत्कट आणि तितकंच निर्मळ. एप्रिल १८२४ मध्ये तो ग्रीसमध्ये तापाने गेला. पुढच्याच महिन्यात लंडनमध्ये त्याच्या मित्रांनी आणि प्रकाशकाने मिळून त्याचं आत्मचरित्र शेगडीत घातलं. १८३० मध्ये थॉमस मूरने चरित्र काढलं, त्यात एडलस्टन आहे, पण मित्र म्हणून.

तो खडा राहिलाच. बायरनने तो मध्यंतरी एलिझाबेथला देऊन टाकला होता. एडलस्टन गेल्याचं कळल्यावर त्याने तिच्या आईला पत्र लिहून, संकोचत, तो परत मागितला. पुढे तो खडा फुटला. त्यावरही त्याने एक छोटी कविता केली, मार्च १८१२ मध्ये, म्हणजे सगळं लंडन त्याच्या दाराशी गर्दी करत होतं तेव्हा. तिच्यात कुणाचंच नाव नाही.