गजानन माधव मुक्तिबोध : कादंबरीचा वाचक, कवितेचा वाटसरू

मुक्तिबोधांचे घराणे मूळचे खानदेशातील जळगावचे. पणजोबा वासुदेवराव ग्वाल्हेर संस्थानात स्थायिक झाले आणि पुढच्या पिढ्या हिंदी मुलखात वाढल्या. घरातली भाषा मात्र मराठीच राहिली. १३ नोव्हेंबर १९१७ रोजी श्योपूर येथे जन्मलेल्या गजाननांचे वडील माधवराव पोलीस खात्यात अधिकारी होते. आई पार्वतीबाई हरी नारायण आपटे आणि प्रेमचंद यांच्या वाचक. कादंबरी म्हणजे माणसांच्या दुःखाचा विचार, हा संस्कार मुलाला आईकडून मिळाला.

या संस्कारातूनच ते टॉलस्टॉयकडे वळले. ‘तार सप्तक’ (१९४३) मधील आपल्या निवेदनात त्यांनी तरुणपणीचे द्वंद्व नोंदविले आहे : एकीकडे मराठी कादंबरीचे मानवतामय विश्व आणि टॉलस्टॉयच्या मानवी प्रश्नांवरील कादंबऱ्या, दुसरीकडे महादेवी वर्मांच्या काव्याचे सौंदर्य. टॉलस्टॉयच्या ‘युद्ध आणि शांती’त इतिहास घराघरांतून वाहतो, बापाच्या कर्जाचा भार मुलावर पडतो, वृद्ध बोल्कोन्स्कीचे प्रेम कठोरपणाआड दडते आणि अखेरीस एक पोरका मुलगा दिवंगत पित्याला स्वप्नात पाहतो. अशा साहित्याची ओढ असूनही मुक्तिबोधांनी कवितेची वाट धरली.

पिढ्यांमधील ताण त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातही आला. १९३९ मध्ये त्यांनी आईवडिलांच्या इच्छेविरुद्ध शांताबाईंशी विवाह केला. वडिलांच्या नोकरीतले स्थैर्य त्यांना कधीच लाभले नाही. शाळा, वृत्तपत्रे आणि गावे बदलत राहिली. १९४६-४७च्या सुमारास ते जबलपूरला होते. तेथे हितकारिणी शाळेत त्यांनी अध्यापन केले आणि ‘जयहिंद’ दैनिकात काम केले. पुढे ते नागपूरला गेले, तरी जबलपूरशी नाते तुटले नाही. हरिशंकर परसाई यांच्या तेथील ‘वसुधा’ मासिकातून त्यांचे डायरीरूप लेखन प्रसिद्ध झाले. त्यात सिद्धान्त कोरडेपणाने मांडलेले नाहीत. केशवसारखा मित्र समोर येतो, वाद घालतो, दुखावतोही. विचाराला माणसाचा चेहरा देण्याची ही रीत कादंबरीकाराची होय.

घरातील कादंबरी मात्र धाकट्या भावाने मराठीत लिहिली. शरच्चंद्र मुक्तिबोधांच्या ‘क्षिप्रा’ (१९५४), ‘सरहद्द’ (१९६२) आणि ‘जन हे वोळतु जेथे’ (१९६९) या कादंबरीत्रयीत बिशूची घडण काळाच्या घडामोडींसह उलगडते. गजाननांची लघुकादंबरी ‘विपात्र’ १९७० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर प्रसिद्ध झाली. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले, तेव्हा त्यांचा एकही स्वतंत्र काव्यसंग्रह वाचकांच्या हाती आलेला नव्हता. त्याच वर्षी निघालेल्या ‘चाँद का मुँह टेढ़ा है’ मधील दीर्घ कवितांत रस्ते, पात्रे, संवाद आणि पाठलाग आहेत. तरुणपणी मागे ठेवलेली कादंबरी त्यांच्या कवितेतच वस्तीला आली होती.