डॉ. लूसी विल्स

मुंबईत परळ येथे हाफकिन संस्था आहे. १९२८ साली तेथे एक इंग्रज डॉक्टरबाई कामाला आल्या. त्यांचे नाव लूसी विल्स. त्या काळी मुंबईतील अनेक गरीब स्त्रिया गर्भवती असताना एका आजाराने खंगत होत्या. चेहरा पांढराफटक पडे, अंगातले बळ जाई, चार पावले चालले तरी धाप लागे. कित्येकींचा त्यात अंत होई. या आजाराचे कारण शोधण्यासाठी लूसीबाईंना बोलावले होते.

त्यांचा जन्म १० मे १८८८ रोजी इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम शहराजवळ झाला. केंब्रिज येथे त्या वनस्पतिशास्त्र व भूगर्भशास्त्र शिकल्या. १९११ मध्ये परीक्षा झाली, पण पदवी काही मिळाली नाही. कारण केंब्रिज विद्यापीठ तेव्हा स्त्रियांना पदवी देतच नसे! पुढे लंडनला शिकून १९२० साली त्या डॉक्टर झाल्या. स्वतःचा दवाखाना थाटण्यापेक्षा त्यांना प्रयोगशाळा अधिक आवडली.

मुंबईत त्यांनी आजारी स्त्रियांचे रक्त सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. रक्तातील तांबड्या पेशी फार कमी होत्या. ज्या होत्या, त्या नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. पण नुसते रक्त पाहून त्या थांबल्या नाहीत. या बायका राहतात कशा, खातात काय, हे त्यांना हवे होते. एस. एन. तळपदे यांच्यासह त्यांनी मुंबईतील स्त्रियांच्या आहाराची व राहणीची पाहणी करून ती प्रसिद्ध केली. ज्यांचे जेवण सर्वांत निकस, त्यांनाच हा आजार अधिक होत होता. गरीब मुस्लिम स्त्रियांची स्थिती सर्वांत वाईट होती. दोष ना रक्ताचा होता, ना जातीचा. ताटच रिकामे होते.

कलेजीला मराठीत यकृत म्हणतात. यकृत खाल्ल्याने एक जीवघेणा पंडुरोग बरा होतो, असे अमेरिकेतील मायनॉट व मर्फी या डॉक्टरांनी १९२६ मध्ये दाखवले होते. यकृताचा अर्क मुंबईतील या स्त्रियांनाही लागू पडे. पण तो महाग होता. गिरणीत राबणाऱ्यांना तो कसा परवडणार? म्हणून लूसीबाई स्वस्त उपाय शोधू लागल्या.

त्यांनी उंदरांना या स्त्रियांसारखेच निकस अन्न दिले. उंदरांना पंडुरोग झाला. अन्नात यीस्ट मिसळले, तर तो होत नसे. यीस्ट म्हणजे पाव फुगवण्यासाठी वापरतात ते. मग त्यांनी मार्माइट नावाचा यीस्टचा अर्क आजारी स्त्रियांना देऊन पाहिला. थोड्याच दिवसांत त्यांच्या रक्तात नव्या पेशी दिसू लागल्या. हा निबंध १९३१ साली छापून आला. एक अडचण मात्र निघाली. उंदरांच्या अंगावर उवा होत्या, आणि त्यांच्यातून पसरणाऱ्या जंतूमुळेही पंडुरोग होऊ शकतो. तेव्हा लूसीबाईंनी माकडांवर नव्याने प्रयोग केले. माकडांनाही तोच आजार झाला आणि यीस्टने ती बरी झाली.

पुढे आणखी एक कोडे पडले. यकृताचा शुद्ध केलेला अर्क या आजारात उपयोगी पडेना, कच्चा अर्क मात्र उपयोगी पडे. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गुणकारी द्रव्य निघून जात होते. त्या अनोळखी द्रव्याला विल्स घटक असे नाव पडले. १९४१ मध्ये अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी पालकाच्या पानांतून एक द्रव्य वेगळे केले. पानाला लॅटिन भाषेत फोलियम म्हणतात, म्हणून ते झाले फॉलिक ॲसिड. विल्स घटक तो हाच! १९४५ साली ते प्रयोगशाळेत तयार करण्यात आले. त्या शास्त्रज्ञांचे प्रमुख होते आंध्रातील यल्लाप्रगड सुब्बाराव.

आज अर्धापूरला काय किंवा मुंबईला काय, सरकारी दवाखान्यात गर्भवती स्त्रियांना जी गोळी देतात, तिच्यात लोह व फॉलिक ॲसिड असते. शाळेत आठवड्यातून एकदा मिळणारी निळी गोळीही त्यांचीच. डबीवर लूसीबाईंचे नाव नसते.

१९४७ मध्ये त्या नोकरीतून निवृत्त झाल्या, पण स्वस्थ बसल्या नाहीत. फिजी बेटांवर जाऊन तेथील लोकांच्या आहाराचाही त्यांनी अभ्यास केला. त्यांनी लग्न केले नाही. मोटार न घेता त्या सायकलवरूनच कामाला जात. १६ एप्रिल १९६४ रोजी त्यांचे निधन झाले.