कॅथरीन मॅककॉर्मिक

कॅथरीन डेक्स्टर मॅककॉर्मिक (२७ ऑगस्ट, १८७५ - २८ डिसेंबर, १९६७) या अमेरिकन जीवशास्त्र पदवीधर, स्त्री-मताधिकार चळवळीतील कार्यकर्त्या आणि दानशूर स्त्री होत्या. तोंडाने घ्यावयाच्या पहिल्या गर्भनिरोधक गोळीच्या संशोधनाचा बहुतांश खर्च त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून केला. हे साहाय्य सुमारे २० लाख डॉलरांचे होते.

पूर्वायुष्य आणि शिक्षण

कॅथरीन यांचा जन्म मिशिगन राज्यातील डेक्स्टर या गावी झाला. हे गाव त्यांच्या आजोबांनी वसविले होते. वडील वर्ट डेक्स्टर हे शिकागोतील नामांकित वकील होते. कॅथरीन १४ वर्षांच्या असताना वडिलांचा हृदयविकाराने मृत्यू झाला आणि १८९४ मध्ये एकुलता भाऊ मस्तिष्कावरणदाहाने दगावला. वडिलांच्या निधनानंतर आईसह त्या बोस्टनला स्थायिक झाल्या. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतून (एमआयटी) त्यांनी १९०४ मध्ये जीवशास्त्राची पदवी संपादन केली. त्या काळी या संस्थेत मोजक्याच स्त्रिया शिकत असत. पुढे वैद्यकीय शिक्षण घेण्याचा त्यांचा विचार होता. परंतु तो प्रत्यक्षात आला नाही.

विवाह आणि पतीचे आजारपण

सप्टेंबर १९०४ मध्ये स्वित्झर्लंडमधील जिनिव्हानजीक त्यांचा स्टॅन्ली मॅककॉर्मिक यांच्याशी विवाह झाला. स्टॅन्ली हे कापणी यंत्राचे उत्पादक सायरस मॅककॉर्मिक यांचे धाकटे पुत्र होते. विवाहानंतर दोन वर्षांतच स्टॅन्ली यांना गंभीर मानसिक आजार जडला व पुढे त्याचे निदान छिन्नमनस्कता असे झाले. १९०९ मध्ये न्यायालयाने त्यांना स्वतःचे व्यवहार सांभाळण्यास अक्षम ठरविले. त्यानंतर कॅलिफोर्नियातील सांता बार्बराजवळच्या निवासस्थानी देखरेखीखाली त्यांचे आयुष्य गेले. उपचार व पालकत्व यांवरून कॅथरीन आणि सासरची मंडळी यांच्यात दीर्घकाळ वाद चालला. या दांपत्यास अपत्य झाले नाही.

पतीच्या आजाराचे मूळ अधिवृक्क ग्रंथींच्या बिघाडात असावे, असे कॅथरीन यांचे मत होते. त्याचा शोध घेण्यासाठी त्यांनी १९२७ मध्ये हार्वर्ड वैद्यकीय विद्यालयात तंत्रिका-अंतःस्रावी संशोधनासाठी प्रतिष्ठान स्थापून त्यास अनेक वर्षे निधी पुरविला. हे अनुमान सिद्ध झाले नाही. मात्र संप्रेरकांच्या अभ्यासाशी त्यांचा परिचय याच काळात दृढ झाला.

स्त्री-मताधिकार चळवळ

१९०९ पासून कॅथरीन मताधिकार चळवळीत सक्रिय झाल्या. राष्ट्रीय अमेरिकन स्त्री-मताधिकार संघटनेच्या खजिनदार व उपाध्यक्षा ही पदे त्यांनी भूषविली आणि कॅरी चॅपमन कॅट यांच्यासमवेत काम केले. १९२० मध्ये अमेरिकन राज्यघटनेच्या एकोणिसाव्या दुरुस्तीने स्त्रियांना मताधिकार मिळाला. त्यानंतर स्थापन झालेल्या स्त्री-मतदार संघाच्याही त्या उपाध्यक्षा होत्या.

संततिनियमनाचे कार्य

१९१७ मध्ये त्यांची मार्गारेट सँगर यांच्याशी भेट झाली. १८७३ च्या कॉमस्टॉक कायद्यान्वये गर्भनिरोधक साधने व त्यांविषयीची माहिती टपालाने पाठविणे किंवा परदेशातून आणणे हा गुन्हा होता. १९२० च्या दशकात कॅथरीन यांनी युरोपात एक हजाराहून अधिक डायफ्रॅम (गर्भाशयमुखावर बसविण्याच्या रबरी टोप्या) विकत घेतले आणि नव्या कपड्यांत शिवून ते सामानातून न्यू यॉर्कच्या चिकित्सालयासाठी आणले.

गोळीच्या संशोधनास अर्थसाहाय्य

१९४७ मध्ये स्टॅन्ली यांचे निधन झाले. वारसा कराची पूर्तता होऊन संपत्ती मोकळी होण्यास काही वर्षे लागली. या काळातच, १९५० मध्ये, कॅथरीन यांनी सँगर यांना पत्र लिहून संततिनियमनासाठी निधी कोठे उपयोगी पडेल याची विचारणा केली होती. नोव्हेंबर १९५२ मध्ये मुंबईत भरलेल्या परिषदेत आंतरराष्ट्रीय नियोजित पालकत्व महासंघाची स्थापना झाली. सँगर या परिषदेस उपस्थित होत्या. पुढच्याच वर्षी, ८ जून १९५३ रोजी, सँगर व कॅथरीन यांनी श्रूसबरी येथील वूस्टर प्रायोगिक जीवशास्त्र प्रतिष्ठानात ग्रेगरी पिंकस यांची भेट घेतली.

पिंकस यांचे सहकारी मिन चुए चांग यांनी प्रोजेस्टेरॉनमुळे सशांमध्ये अंडमोचन थांबते हे तत्पूर्वीच पडताळून पाहिले होते. परंतु अपुऱ्या निधीमुळे काम पुढे सरकत नव्हते. वादग्रस्त विषयामुळे शासन व मोठ्या संस्था हात आखडता घेत होत्या. कॅथरीन यांनी ४०,००० डॉलरांचा धनादेश देऊन प्रारंभ केला आणि पुढे दरवर्षी एक लाख डॉलरांहून अधिक रक्कम दिली. जीवशास्त्राचे शिक्षण असल्यामुळे त्या प्रयोगांच्या प्रगतीची बारकाईने चौकशी करीत. संशोधनाजवळ राहता यावे म्हणून त्यांनी आपला मुक्काम बोस्टनला हलविला.

मानवी चाचण्यांसाठी स्त्रीरोगतज्ज्ञ जॉन रॉक यांचे सहकार्य मिळाले. १९५४ मध्ये त्यांनी ५० स्त्रियांवर पहिला अभ्यास सुरू केला. मॅसॅच्युसेट्समध्ये गर्भनिरोधनास कायद्याने बंदी असल्याने तो वंध्यत्वाच्या संशोधनाच्या नावाखाली करण्यात आला.

पोर्तो रिकोतील चाचण्या आणि टीका

१९५६ मध्ये पोर्तो रिको येथे मोठ्या प्रमाणावर चाचण्या सुरू झाल्या. तेथे गर्भनिरोधन कायदेशीर होते व चिकित्सालयांचे जाळेही होते. चाचणीचे काम पाहणाऱ्या डॉ. एड्रिस राइस-रे यांनी गोळी परिणामकारक असल्याचे कळविले. त्याचबरोबर सुमारे १७ टक्के स्त्रियांना मळमळ, चक्कर, डोकेदुखी असे त्रास होत असल्याने ती सर्वसाधारण वापरास योग्य नाही, असेही नोंदविले. या तक्रारींना पिंकस यांनी पुरेसे महत्त्व दिले नाही. आपण घेत असलेले औषध अद्याप प्रायोगिक आहे, याची कल्पना सहभागी गरीब स्त्रियांना देण्यात आली नव्हती. वूस्टर येथील मनोरुग्णालयातील स्त्रियांवरही औषधाचे प्रयोग झाले. संमतीविना केलेल्या या प्रयोगांवर नंतरच्या काळात तीव्र टीका झाली. चाचणीतील मूळ गोळीत संप्रेरकांची मात्रा आजच्या गोळ्यांच्या कितीतरी पट होती.

सर्ल कंपनीच्या एनोव्हिड या गोळीस १९५७ मध्ये मासिक पाळीच्या विकारांसाठी आणि १९६० मध्ये गर्भनिरोधनासाठी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची मान्यता मिळाली. त्या वेळी कॅथरीन यांचे वय ८४ वर्षे होते.

अखेरची वर्षे आणि वारसा

एमआयटीत स्त्रियांसाठी वसतिगृह नसल्याने विद्यार्थिनींची संख्या मर्यादित राहते, हे ओळखून कॅथरीन यांनी पतीच्या नावे स्टॅन्ली मॅककॉर्मिक हॉल हे वसतिगृह बांधून दिले. त्याची पहिली इमारत १९६३ मध्ये खुली झाली. २८ डिसेंबर १९६७ रोजी बोस्टन येथे वयाच्या ९२ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. मृत्युपत्राद्वारे त्यांनी नियोजित पालकत्व महासंघास व स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या वैद्यकीय विद्यालयास प्रत्येकी ५० लाख डॉलर आणि वूस्टर प्रतिष्ठानास १० लाख डॉलर दिले. स्टॅनफर्डची देणगी वैद्यकीय क्षेत्रातील स्त्रियांच्या उत्तेजनार्थ होती.

गोळीच्या इतिहासात पिंकस, रॉक, चांग व सँगर यांचा उल्लेख प्रामुख्याने होत असे. कॅथरीन यांचे नाव दीर्घकाळ मागे राहिले. १९९८ मध्ये त्यांचा अमेरिकेच्या राष्ट्रीय महिला कीर्तिदालनात समावेश करण्यात आला.