रावबहादूर बोले आणि कागदावरचे पाणी

महाडच्या चवदार तळ्याचे नाव निघाले की आम्ही बाबासाहेबांपुढे नतमस्तक होतो. पण ज्या ठरावाने ते तळे कागदोपत्री आमच्यासाठी खुले झाले, तो ठराव मांडणाऱ्या सीताराम केशव बोले यांची आठवण आम्ही क्वचितच काढतो.

बोले भंडारी समाजातले. १९०७ साली भीमराव मॅट्रिक झाले तेव्हा मुंबईत जी सत्कार सभा भरली, तिचे अध्यक्ष बोलेच होते. केळुसकर गुरुजींनी आपले बुद्धचरित्र भीमरावांच्या हाती दिले ते याच प्रसंगी. १९०९ साली मुंबईत कामगार हितवर्धक सभा उभी राहिली, तिच्या संस्थापकांतही बोले होते.

पुढे ते मुंबई कायदे कौन्सिलात गेले. ४ ऑगस्ट १९२३ रोजी कौन्सिलने त्यांचा ठराव मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सरकारी शाळा, न्यायालये, कचेऱ्या आणि दवाखाने अस्पृश्यांना वापरू द्यावेत, असा तो ठराव होता. ११ सप्टेंबरला सरकारने त्याप्रमाणे आदेश काढला. मेख होती ती या आदेशात. सरकारच्या मालकीच्या जागांबाबत खातेप्रमुखांना हुकूम होता. नगरपालिका आणि लोकल बोर्डांना मात्र कलेक्टरांनी नुसता सल्ला द्यायचा होता. म्हणजे हक्क मान्य केला, पण तो द्यायचा की नाही हे नाकारणाऱ्यांच्याच मर्जीवर सोडले!

बोले यांनी ही मेख ओळखली. १९२६ साली त्यांनी दुसरा ठराव आणला. ज्या नगरपालिका आणि बोर्डे अंमलबजावणी करणार नाहीत, त्यांचे सरकारी अनुदान बंद करावे, अशी त्यात शिफारस होती. अंमल न करणाऱ्याला झळ बसली पाहिजे, हा विचार शंभर वर्षांपूर्वीचा आहे.

तरीही महाडला काय घडले? तिथल्या नगरपालिकेने १९२४ सालीच तळे खुले केल्याचा ठराव केला होता, पण सवर्णांच्या विरोधामुळे तो कागदावरच राहिला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर आमच्या माणसांवर हल्ले झाले, तळ्याचे शुद्धीकरण झाले. ४ ऑगस्ट १९२७ रोजी, बोले ठरावाला बरोबर चार वर्षे होत असताना, नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला. सवर्णांनी कोर्टात दावा लावला आणि हायकोर्टाचा अंतिम निकाल आमच्या बाजूने लागला तो १७ मार्च १९३७ रोजी. कौन्सिलच्या ठरावापासून मोजले तर चौदा वर्षे होतात.

बोले नंतर हिंदू महासभेकडे गेले. तो मार्ग आमचा नाही आणि ते सांगायला आम्हाला संकोच वाटत नाही. पण सरकारी धोरण आणि माणसाचा हक्क यांच्यात किती अंतर असते, हे त्यांच्या दोन ठरावांनी दाखवले. ते अंतर आमच्या माणसांना पायी चालून कापावे लागले.

आजही ते संपलेले नाही. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातील कलम ४ कर्तव्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या सरकारी नोकराला शिक्षा सांगते. बोले यांच्या दुसऱ्या ठरावामागचाच हा विचार. पण आपल्यापैकी किती जणांनी हे कलम लावण्याची मागणी ठाण्यात केली आहे? २० मार्च २०१८ रोजी, म्हणजे महाड सत्याग्रहाच्याच तारखेला, सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने या कायद्याची धार बोथट झाली. २ एप्रिलला देशभर जनता रस्त्यावर उतरली, तेव्हा ऑगस्टमध्ये संसदेला दुरुस्ती करावी लागली.

म्हणून नवा शासन निर्णय निघाला की आम्ही त्यात दोन गोष्टी शोधल्या पाहिजेत. त्यात हुकूम आहे की सल्ला? आणि तो मोडणाऱ्याला शिक्षा कोणती? उत्तर मिळाले नाही, तर ते मागण्यासाठी तळ्यापर्यंत जाण्याची तयारी ठेवली पाहिजे. बोले यांना तेच खरे अभिवादन ठरेल. जय भीम!