मॉली स्पॉटेड एल्क

शाळेच्या संमेलनांत आम्हीं एकदां चार मुलांच्या डोक्यांस कोंबड्याचीं पिसें बांधून त्यांस ‘रेड इंडियन’ म्हणून नाचविलें होतें. टाळ्या पुष्कळ पडल्या व आम्ही मोठ्या समाधानानें घरीं गेलों. पुढें मॉलीबाईंचें चरित्र वाचनांत आलें, तेव्हां त्या पिसांची आम्हांस लाज वाटली. तें चरित्र आज आमच्या विद्यार्थ्यांपुढें व त्यांच्या आईबापांपुढें ठेवीत आहों.

अमेरिकेच्या ईशान्येस मेन संस्थानांत पेनॉब्स्कॉट नदीच्या एका बेटावर, त्या नदीचेंच नांव धारण करणारी मूळ रहिवाशांची जमात आहे. त्या जमातींत १९०३ सालीं मॉलीबाईंचा जन्म झाला. मूळ नांव मेरी ॲलिस नेल्सन. आई टोपल्या विणीत असे, आणि आठ भावंडांत ही सर्वांत वडील. वृद्धांच्या मुखांतून पूर्वजांच्या कथा ऐकाव्या, जुने नाच शिकावे, हा तिचा लहानपणापासूनचा छंद. पुढें पेनसिल्व्हेनिया विश्वविद्यालयांत त्या कांहीं काळ शिकल्या. परंतु घरीं पैसे धाडणें प्राप्त असल्यामुळें नाच हाच त्यांचा चरितार्थ झाला.

न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांत त्या एकट्या रंगमंचावर उभ्या राहत. मस्तकावर पिसांचा भला मोठा मुकुट आणि अंगावर तोकडीं वस्त्रें! वस्तुतः तसले मुकुट दूर पश्चिमेकडील मैदानांतल्या घोडेस्वार जमातींचे. पेनॉब्स्कॉट लोक अरण्यांत राहणारे, भूर्जाच्या सालीच्या होड्या वल्हविणारे. त्यांचा वेष निराळा. पण मालक मागेल तें सोंग घ्यावें, तरच वेतन मिळावें! आपल्या पूर्वजांचा नाच कोणी कला म्हणून पाहत नाहीं, ही खंत त्यांच्या रोजनिशींत दिसून येते. १९३० सालच्या ‘द सायलेंट एनिमी’ ह्या मूकपटांत त्यांनीं नायिकेचें काम केलें. त्यांतला मुका शत्रु म्हणजे भूक.

१९३१ सालीं एका मोठ्या प्रदर्शनानिमित्त त्या पॅरिसला गेल्या. तेथें मात्र त्यांच्या जमातीचे खरे नाच समजून घेणारे प्रेक्षक त्यांस लाभले. झाँ आर्शांबो नांवाच्या फ्रेंच पत्रकाराशीं त्यांचा स्नेह जडला व पुढें विवाह झाला. १९३४ सालीं कन्या झाली.

१९४० सालीं जर्मन सैन्य फ्रान्सांत शिरलें. पति मागें राहिले, आणि ही माता लहानग्या मुलीस घेऊन पायींच पिरनीज पर्वत ओलांडून स्पेनांत उतरली. तेथें ना वाद्य, ना दिवे, ना प्रेक्षक! न्यूयॉर्कच्या साऱ्या टाळ्या एका पारड्यांत घातल्या, तरी आम्हांस ही वाटचाल जड वाटते. पतीची पुन्हां भेट झाली नाहीं. १९४१ सालीं ते वारले.

मॉलीबाई आपल्या बेटावर परतल्या. मनावर झालेल्या आघातामुळें कांहीं काळ त्यांस रुग्णालयांत राहावें लागलें. नंतर त्या बाहुल्या बनवून त्यांस पारंपरिक वेष चढवीत, आणि मुलांस गोष्टी सांगत. १९७७ सालीं त्या निवर्तल्या. पूर्वजांच्या ज्या कथा त्यांनीं लिहून ठेविल्या होत्या, त्यांचें पुस्तक २००३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यास त्यांच्या मुलखांतील कॅटाडिन पर्वताचें नांव आहे.