पांडुरंग वामन काणे

महामहोपाध्याय डॉ. पांडुरंग वामन काणे (१८८०–१९७२) हे संस्कृतचे व्यासंगी पंडित, धर्मशास्त्राचे इतिहासकार आणि कायदेतज्ज्ञ होते. भारत सरकारने त्यांना १९६३ साली भारतरत्न हा सन्मान दिला. ‘हिस्टरी ऑफ धर्मशास्त्र’ हा त्यांचा पाच खंडांचा इंग्रजी ग्रंथ १९३० ते १९६२ या काळात पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने प्रसिद्ध केला. त्याची पृष्ठसंख्या ६,५०० च्या घरात जाते. एखाद्या विषयावर पूर्वी जे लिहिले गेले ते शोधून, कालानुक्रमे लावून, त्यातील मतभेदांसह वाचकापुढे ठेवणाऱ्या लेखनाला संशोधनाच्या क्षेत्रात आढावा-लेख म्हणतात. काणे यांचा ग्रंथ आकाराने लेख नव्हे, पण त्याचे मूळ एका संपादित पोथीच्या प्रस्तावनेत आहे आणि त्याचे स्वरूप अखेरपर्यंत आढाव्याचेच राहिले.

जन्म आणि शिक्षण

काणे यांचा जन्म ७ मे १८८० रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील चिपळूणजवळच्या पेढे (परशुराम) या गावी झाला. वडील दापोलीस वकिली करीत. शालेय शिक्षण दापोलीस आणि महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या विल्सन महाविद्यालयात झाले. १९०१ साली ते बी. ए. आणि १९०३ साली एम. ए. झाले. त्यांनी कायद्याची पदवीही मिळविली.

अध्यापन आणि वकिली

प्रथम रत्नागिरीच्या सरकारी शाळेत आणि नंतर मुंबईत त्यांनी शिक्षकाचे काम केले. काही काळ एल्फिन्स्टन महाविद्यालयात संस्कृतही शिकविले. १९११ साली सरकारी नोकरी सोडून त्यांनी मुंबई उच्च न्यायालयात वकिली सुरू केली व पुढल्या वर्षी ते एलएल. एम. झाले. पुढे विधि महाविद्यालयात त्यांनी कायदाही शिकविला.

संस्कृत आणि कायदा या दोन व्यवसायांचा संयोग त्यांच्या लेखनात सर्वत्र जाणवतो. वकिलाला आधार दाखविल्यावाचून विधान करता येत नाही, आणि विरुद्ध बाजूचा पुरावा दडविला तर तो न्यायालयात उघडा पडतोच. ही शिस्त काणे यांनी तळटीपांत उतरविली. त्यांच्या पुष्कळशा पानांवर मजकुरापेक्षा टिपांनी अधिक जागा व्यापलेली दिसते.

प्रस्तावनेतून ग्रंथ

विद्यार्थ्यांसाठी संस्कृत ग्रंथांच्या सटीप आवृत्त्या तयार करणे हे त्यांचे आरंभीचे काम. ‘उत्तररामचरित’, ‘कादंबरी’, ‘हर्षचरित’ आणि विश्वनाथाचा ‘साहित्यदर्पण’ हे त्यांतील प्रमुख होत. ‘साहित्यदर्पणा’च्या १९२३ च्या आवृत्तीस त्यांनी अलंकारशास्त्राच्या इतिहासाची विस्तृत प्रस्तावना जोडली. पुढे ती ‘हिस्टरी ऑफ संस्कृत पोएटिक्स’ या नावाने स्वतंत्र ग्रंथ म्हणून मान्य झाली.

धर्मशास्त्राच्या बाबतीत असेच घडले, मात्र फार मोठ्या प्रमाणावर. १९२६ साली त्यांनी नीलकंठ भट्ट यांच्या ‘व्यवहारमयूख’ या १७ व्या शतकातील ग्रंथाची आवृत्ती प्रसिद्ध केली. नीलकंठाचे भट्ट घराणे मूळचे गोदावरीकाठच्या पैठणचे. तेथून ते काशीस स्थायिक झाले. हा ग्रंथ केवळ पंडितांच्या चर्चेचा नव्हता. ब्रिटिश काळातील न्यायालये हिंदूंच्या वारसाहक्काचे आणि दत्तकाचे दावे याच ग्रंथांच्या आधारे निकालात काढीत. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण येथे मयूखाला अग्रमान होता. पुणे, अहमदनगर आणि खानदेश या भागांत तो जवळजवळ मिताक्षरेच्या बरोबरीने मानला जाई. एका वचनाचा अर्थ वा कर्त्याचा काळ चुकीचा धरला गेला, तर एखाद्या विधवेच्या किंवा दत्तक मुलाच्या हक्कावर त्याचा परिणाम होण्याची शक्यता होती. या आवृत्तीच्या निमित्ताने धर्मशास्त्रावरील ग्रंथांचा अनुक्रम मांडण्याची कल्पना काणे यांच्या मनात आली. विषय प्रस्तावनेत मावेना, म्हणून स्वतंत्र ग्रंथ हाती घेतला आणि १९३० साली पहिला खंड निघाला. तेव्हा त्यांनी वयाची पन्नाशी गाठली होती.

खंडांची रचना

पहिला खंड ग्रंथ आणि ग्रंथकार यांच्या कालनिर्णयाचा आहे. दुसऱ्यात (१९४१) वर्ण, आश्रम, संस्कार व दान, तिसऱ्यात (१९४६) राजधर्म, व्यवहार व सदाचार, चौथ्यात (१९५३) प्रायश्चित्त, अंत्यविधी, श्राद्ध व तीर्थयात्रा हे विषय येतात. पाचवा खंड व्रते, उत्सव, पुराणे, तंत्र, मीमांसा असा पसरत गेला आणि १९६२ साली पूर्ण झाला. तो वाचताना लेखकाला कोठे थांबावे हे ठरविणे जड गेले असावे असे वाटते.

अभ्यासकाच्या दृष्टीने पहिल्या खंडाच्या शेवटी दिलेल्या ग्रंथ व ग्रंथकारांच्या सूची विशेष मोलाच्या आहेत. पूर्वी काय लिहिले गेले हे कळावयास हस्तलिखितांच्या याद्या चाळण्यावाचून गत्यंतर नव्हते. थिओडोर आउफ्रेख्ट या जर्मन पंडिताचा ‘काटालोगुस काटालोगोरुम’ (१८९१–१९०३) हा त्या काळचा मुख्य आधार. पण त्यात ग्रंथाचे नाव आणि पोथीचा ठावठिकाणा मिळे, आत काय आहे ते क्वचितच कळे. ती उणीव काणे यांनी भरून काढली.

मूळ ग्रंथ हरवला असेल तर काय करावे, याचे उत्तर त्यांच्या ‘कात्यायनस्मृतिसारोद्धार’ (१९३३) या पुस्तकात मिळते. कात्यायनाची व्यवहारविषयक स्मृती अखंड उपलब्ध नाही. उत्तरकालीन टीका आणि निबंधग्रंथांत विखुरलेली तिची वचने वेचून त्यांनी ती पुन्हा उभी केली.

प्रतिकूल पुराव्याची नोंद

काणे स्वतः परंपरेत वाढलेले आणि तिच्याविषयी आदर बाळगणारे होते. तरीही परंपरानिष्ठांना न रुचणारा पुरावा त्यांनी वगळला नाही. वैदिक काळातील गोमांसभक्षणाची वचने त्यांनी इतर वचनांप्रमाणेच नोंदविली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘द अनटचेबल्स’ (१९४८) या ग्रंथात याच प्रश्नावर काणे यांच्या ‘धर्मशास्त्रविचार’ या मराठी पुस्तकाचा आधार घेतला. परस्परविरोधी भूमिकांच्या अभ्यासकांनी एकाच आढाव्यावर विसंबावे, याहून त्याच्या प्रामाणिकपणाची वेगळी खूण शोधण्याचे कारण नाही.

आढावा म्हणून वाचताना

हा ग्रंथ सलग वाचणारे थोडे. बहुतेक जण सूचीवरून आत शिरतात, आणि ते योग्यही आहे. उदाहरणार्थ, अहिल्यानगर जिल्ह्यातील पुणतांबा या गोदाकाठच्या क्षेत्रावर प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला चौथ्या खंडातील गोदावरीविषयक विवेचन आणि तीर्थांची वर्णानुक्रम सूची येथून आरंभ करता येईल. सूची पाहताना गावाच्या आजच्या नावाबरोबर पुण्यस्तंभ हे परंपरेतील संस्कृत नावही ध्यानात ठेवावे लागते. गोदावरीचे विवेचन वाचकाला ब्रह्मपुराणातील गौतमीमाहात्म्याकडे नेते. हे माहात्म्य त्या पुराणाचे शंभराहून अधिक अध्याय व्यापते. तेथे गेल्यावर मूळ वचन स्वतः वाचावे, काणे यांच्या सारांशावर थांबू नये. तळटीपा त्यासाठीच आहेत.

त्याच वेळी आढाव्याची सीमाही ओळखावी लागते. काणे यांचा आधार मुख्यतः संस्कृत ग्रंथांचा आहे. पुणतांब्याची ख्याती ज्यांच्या समाधीमुळे आहे त्या चांगदेवांचा विचार करावयाचा तर मराठी संतवाङ्मय, शिलालेख आणि स्थानिक परंपरा यांकडे वळावे लागेल.

कालनिर्णयाच्या बाबतीत ग्रंथाचे वय विसरता येत नाही. काणे यांनी गौतम धर्मसूत्र सर्वांत प्राचीन मानले; पॅट्रिक ऑलिव्हेल यांनी तो मान आपस्तंबाला दिला व या सूत्रांचे काळही बरेच अलीकडे आणले. कौटिलीय अर्थशास्त्र हे इ. स. पू. ३०० च्या सुमाराचे व कौटिल्याचेच, हे काणे यांचे मत. टॉमस ट्राउटमन यांनी १९७१ साली शब्दवापराच्या सांख्यिकीय परीक्षणावरून त्यामागे एकाहून अधिक लेखक असल्याचे प्रतिपादन केले. म्हणून काणे यांनी दिलेले शतक प्रबंधात जसेच्या तसे उतरविणे धोक्याचे आहे. त्या शतकापर्यंत ते कोणत्या पुराव्याने पोहोचले हे मात्र आजही त्यांच्याकडूनच शिकावे. मतभेद असलेले नंतरचे संशोधकही चर्चेचा आरंभ बहुधा काणे यांच्यापासून करतात.

इंग्रजी खंड हाती घेणे कठीण वाटत असल्यास महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने काढलेला मराठी सारांशग्रंथ उपयोगी पडतो. संदर्भ देण्यासाठी मात्र मूळ खंडच पाहावेत. संक्षेप करताना बहुतेक वेळा प्रथम तळटीपाच गळतात.

सन्मान आणि उत्तरायुष्य

ब्रिटिश सरकारने त्यांना महामहोपाध्याय ही पदवी दिली. १९४७ ते १९४९ या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते. प्राच्यविद्या परिषदांच्या निमित्ताने ते पॅरिस, इस्तंबूल आणि केंब्रिज येथे गेले. राज्यसभेवरही त्यांची नियुक्ती झाली होती. धर्मशास्त्राच्या चौथ्या खंडास १९५६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीशी त्यांचा दीर्घकाळ संबंध होता आणि तिच्या पदव्युत्तर संशोधन संस्थेस त्यांचे नाव देण्यात आले आहे.

पोटाच्या जुन्या विकाराने त्यांना आयुष्यभर त्रास दिला, तरी लेखन थांबले नाही. पाचवा खंड पुरा झाला तेव्हा ते ८२ वर्षांचे होते. त्यानंतर विश्रांती न घेता ते पहिल्या खंडाकडे परतले, कारण १९३० नंतर नव्या आवृत्त्या, नवी हस्तलिखिते आणि नवे वाद पुढे आले होते. सुधारून वाढविलेल्या या खंडाचा पहिला भाग १९६८ साली निघाला. १९७२ साली काणे यांचे निधन झाले. दुसरा भाग १९७५ साली प्रसिद्ध झाला.